भावाच्या बांधाला सिमेंट नाही

फळी बसताना आवाज झाला की हिराजी शिवी द्यायचा. कुणाला उद्देशून नाही, अशीच, मोकळ्या हवेत. काँक्रीटचे दोन खांब, दोन्हींना वरपासून खालपर्यंत खाच, आणि त्या खाचांत वरून सोडायच्या काँक्रीटच्या फळ्या, एकीवर एक. आमच्या पनवेलकडे याला रेडीमेड कंपाउंड म्हणतात आणि हल्ली इकडे मोकळ्या जमिनीपेक्षा तेच जास्त दिसतं. दोघांनी दोन टोकं धरायची, फळी खाचेत घालायची आणि खाली सोडायची. शेवटच्या वितीला बहुतेक कामगार बोटं चेंगरतील म्हणून हात काढून घेतात आणि फळी खालच्या फळीवर धाडकन आदळते. हिराजीपुढे ते चालत नसे. "सोडायची ती पन धरून सोडायची," तो म्हणायचा. "टाकून द्यायला ती काय उष्टी पत्रावल हाय?"

मी त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा माणसांना कंटाळले होते. सगळी नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरवर गेली, आणि घरी आल्यावर खांदा कॉलनीतल्या सोसायटीचं चिटणीसपद. कुणाची गाडी कुणाच्या जागेत, कुणाच्या गच्चीचं पाणी कुणाच्या भिंतीत. निवृत्त झाल्यावर सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं की मला आता कुणाचंही काहीही ऐकायचं नाही. त्याचा स्वभाव मुळातच ऐकून घेण्याचा असल्यामुळे त्याने तेही ऐकून घेतलं. पनवेलच्या पूर्वेला, माथेरानचा डोंगर समोर दिसतो अशा एका गावाच्या कडेला आम्ही थोडी जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि पहिलं काम काढलं ते कंपाउंडचं. गावात विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. शिवाय तो आमचा शेजारीच निघाला. आमच्या गच्चीवरून त्याचं अंगण दिसायचं.

तो "उद्या येतो" म्हणाला आणि आठवड्याने आला. उंच, हाडकुळा, खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी कागदावर लांबी-उंची लिहून ठेवली होती. त्याने कागदाकडे बघितलंच नाही. जागेभोवती एक चक्कर मारली, दगडावर बसला आणि विचारलं, "कुनापासून?"

मला कळलं नाही. तो म्हणाला, लोक गुरांपासून घालतात, चोरांपासून घालतात, कचरा टाकणाऱ्यांपासून घालतात. तुमचं कुणापासून?

"सगळ्यांपासून," मी म्हटलं.

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "मंग वरसून पन झाकाया पायजे, बाय." त्या दिवसापासून तो मला बाय म्हणू लागला आणि मी त्याला अरे-तुरे करू लागले. वयाने तो माझ्याच बरोबरीचा असेल, पण त्याच्याशी दुसरं कसं बोलणार? मी चिडले की त्याला मजा वाटायची.

आमच्या कंपाउंडचं काम त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने केलं. खड्डे खणायला वाडीवरची माणसं होती, पण फळी उचलायला हे दोघेच. नारायण गोल अंगाचा, बोलका, खिशातल्या मोबाइलवर दिवसभर गाणी लावणारा. फळीचं एक टोक हिराजीच्या हातात, दुसरं नारायणच्या, एक अल्याड आणि एक पल्याड. फळी उचलताना दोघंही एकमेकांकडे बघत नसत. हिराजी घशातून एक हुंकार काढी, तेवढ्यावर फळी वर जाई, खाचेत शिरे आणि खाली येई. मी चहा घेऊन तिथे उभी राहायचे आणि मला आवाज ऐकू यायचा तो नारायणच्या गाण्यांचाच.

शेवटची फळी मात्र त्याने बसवली नाही. मागच्या शेताचा मालक एक म्हातारा होता, त्याला बोलावून आणा म्हणाला. कशाला, असं मी विचारलं. जागा माझी, पैसे माझे, मोजणी सरकारी. हिराजी म्हणाला, पलीकडचा माणूस उभा राहिल्याशिवाय मी शेवटची फळी घालत नाही, उद्या तो म्हणेल माझ्या पाठीमागे घातली. तो म्हातारा यायला दुपार उलटली. आला, उभा राहिला, हिराजीकडून तंबाखू घेतली, ठीक आहे म्हणाला आणि गेला. एवढ्यासाठी आम्ही चौघं उन्हात ताटकळत बसलो होतो. सगळ्यांपासून दूर जाण्यासाठी घातलेल्या कंपाउंडने माझी पहिली ओळख करून दिली ती त्या म्हाताऱ्याशी. पुढे तो दर वर्षी वालाच्या शेंगा आणून द्यायचा.

हिराजी सारखा म्हणायचा, "दमलो, बाय." सकाळी भेटला तरी तेच. इथल्या गावकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, त्यावर शहर उभं राहिलं, बदल्यात मिळालेला प्लॉट त्यानेही इतरांसारखाच विकला, गाडी घेतली, गाडी विकली. एकदा पायरीवर बसून मला म्हणाला, "वाटलं व्हतं, आता बसून खायाचा. बसून बगितलं. बसून जास्त दमाया व्हतं." मग तो कंपाउंडच्या धंद्यात शिरला. जी जमीन त्याच्या लोकांनी मोकळी कसली, तिच्याभोवती तो काँक्रीट घालत फिरायचा. मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, कुणीतरी घालणारच, मग नीट तरी घालू दे. त्यात त्याला काही मोठं वाटत नव्हतं. त्याची पाठ दुखत होती आणि त्याला चहा हवा होता.

त्याची एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. खारघरला राहणारा एक गृहस्थ इथे गावातल्या आपल्या भावाच्या आणि स्वतःच्या जागेमध्ये हिराजीकडून कंपाउंड घालून घेऊन गेला होता. फळ्या बसल्या की त्यांच्या फटींत आणि खाचांत सिमेंट भरतात, म्हणजे त्या हलत नाहीत. ते काम बाकी होतं. हा गृहस्थ गाडी घेऊन हिराजीकडे खेपा घालत होता आणि हिराजी त्याला प्रत्येक खेपेला "उद्या भरतो" सांगत होता. मला वाटलं, हा आळस. आमच्या वेळीही त्याने असंच केलं होतं. त्या माणसाची गाडी धूळ उडवत गेल्यावर मी त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "भावाच्या बांधाला सिमिट नाय भरायचा, बाय. राग उतरंल तवा फली तरी उतरली पायजे."

म्हणजे तो उद्या कधी येणारच नव्हता. असे किती भाऊ त्याने उद्यावर ठेवले होते देव जाणे. काही जण स्वतःच सिमेंट भरून घेत, काही विसरून जात. एका ठिकाणी म्हणे खरोखरच लग्नाच्या मांडवासाठी फळ्या काढल्या आणि परत घातल्याच नाहीत. ते सांगताना हिराजीचा चेहरा त्याने स्वतःच ते लग्न जमवल्यासारखा व्हायचा.

आणि मग त्याच्याच अंगणात ते आलं.

त्या दोघा भावांची घरं एकाच अंगणात होती. रस्त्याच्या बाजूला नारायणचं, मागे हिराजीचं. येणंजाणं सगळं पुढच्या बाजूने, नारायणच्या दारावरून. मागून एक बोळ होता, नाल्याच्या कडेने, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं असा. नारायणला आपला अर्धा भाग बिल्डरला द्यायचा होता. हिराजीला तो देऊ द्यायचा नव्हता. यात चूक कुणाची ते मी सांगणार नाही, मला दोघांचंही पटायचं. नारायणच्या मुलांना फ्लॅट हवे होते. हिराजी म्हणायचा, अंगण अर्धं झालं की त्याला अंगण म्हणत नाहीत. दोघं महिनाभर भांडले. हिराजी भांडणात फार वाईट बोलायचा हे मी गच्चीवरून ऐकलं आहे. नारायणला तो घर विकून खाणारा म्हणाला. नारायणनेही मग मोठ्या भावाला म्हणू नये ते म्हटलं. त्यानंतर बोलणं बंद.

बिल्डरच्या माणसाची अट होती की हद्दीवर पक्कं कंपाउंड पाहिजे, फटी सिमेंटने भरलेल्या. नारायणने दुसरा कॉन्ट्रॅक्टर बोलावला. हिराजीने त्याच्या माणसांना दारातून परत पाठवलं. माझ्या अंगणात दुसऱ्याच्या हातची फळी उभी राहणार नाही, मीच घालतो, म्हणाला. याला हट्ट म्हणायचं की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नारायणचं टोक धरायला आता नारायण नव्हता. त्या दिवशी हिराजीच्या बायकोने, जानकीबायने, पहिल्यांदा फळीला हात लावला. तिने नऊवारीचा काष्टा आवळला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पहिल्या दोन-तीन फळ्या आदळल्या. हिराजीने शिवी दिली नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. संध्याकाळपर्यंत एकच फळी उरली आणि तो थांबला. फळी खांबाला टेकवून ठेवली आणि खाली बसला. पलीकडचा माणूस उभा राहायला हवा होता. नारायण घरात होता, टीव्हीचा आवाज येत होता. जानकीबायने दोनदा हाक मारली. दार उघडलं नाही. शेवटी दिवे लागायच्या वेळी बिल्डरचा माणूसच येऊन पलीकडे उभा राहिला, म्हणाला, मी आहे ना काका. हिराजी उठला आणि त्याने फळी घातली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हिराजी घमेल्यात काहीतरी कालवत होता. मला रंग वेगळा वाटला म्हणून मी खाली जाऊन बघितलं. शेतातली काळी माती होती, चाळून घेतलेली, आणि वर रंगापुरतं मूठभर सिमेंट. तो ते थापीने फटींत दाबत होता, पलीकडून दिसेल इतकं आत, वर ओलं फडकं फिरवून गुळगुळीत करत होता. लांबून बघणाऱ्याला सिमेंटच वाटावं.

मी काही विचारायच्या आत त्याने सांगितलं, "बाय, तोंड उघडायचा नाय." मी म्हटलं, नाही उघडणार. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत तोंड न घालणं हे तर माझं निवृत्तीचं व्रतच होतं.

बिल्डर आलाच नाही. कागद कुठेतरी अडकले, मग तो दुसरीकडे गेला, मग नारायणनेही विचारणं सोडलं. इमारत उभी राहिली नाही, फक्त कंपाउंड राहिलं. हिराजी आणि जानकीबाय नाल्याच्या बोळातून येऊ-जाऊ लागली. त्यांचा घरचा गणपतीही बोळातून आला, पाटावर, एका माणसाने डोक्यावर धरून, बाकीचे मागे एकामागे एक. आरतीच्या वेळी मी गच्चीवर होते. पलीकडे नारायण ओटीवर एकटाच बसला होता. आरती सुरू झाली तसा तो आत गेला आणि टीव्ही बंद करून परत येऊन बसला.

पावसाने माती वाहून जायची. दर वर्षी पाऊस ओसरला की हिराजी घमेलं काढायचा आणि फटी पुन्हा भरायचा. खोकला लागलेला असायचा, मध्येमध्ये उकिडवा बसायचा, परत उठायचा. मी सुधीरला म्हणायचे, हा माणूस वेडा आहे. सुधीर म्हणायचा, आहेच. आणि आम्ही दोघं गच्चीवरून बघत राहायचो.

एकदा किराणा दुकानाबाहेर नारायण भेटला. पोट सुटलेलं, केस पिकलेले. इकडची तिकडची चौकशी झाली आणि तो एकदम म्हणाला, "दर सालाला सिमिट भरतोय दादा, बगता ना तुमी? येवडा राग. कुटं म्हनून फट ठेवत नाय." त्याचे डोळे भरून आले होते. मला जिभेवर आलेलं गिळावं लागलं. घरी येऊन मी तडक हिराजीला गाठलं आणि सांगितलं की बाबा रे, तुझ्या भावाला वाटतंय की तू त्याला दर वर्षी आणखी पक्कं बंद करतोयस.

हिराजीने तंबाखू मळून घेतली. मग म्हणाला, "वाटू दे. हात लावून बगंल तवा कलंल. हात तर लावला पायजे ना त्यानं."

मी म्हटलं, मग मी सांगते. त्याने मला माझ्या शब्दाची आठवण करून दिली. जानकीबाय आतून म्हणाली, "दोगं पन म्हसोबा. शेंदूर लावा न बसवा बांधावर." तिला सगळं माहीत होतं. ती तरी काय करणार? नवऱ्याने शपथ घातली होती. आणि खरं सांगायचं तर हिराजीचा तो हट्ट मला तेव्हा कळतही होता. बोलायला सुरुवात आपण करावी आणि समोरच्याने दार लावून घ्यावं, हे त्याच्या बाबतीत एकदा होऊन गेलं होतं. म्हणून त्याने तोंडाऐवजी मातीचा मार्ग धरला. पण माती बोलत नाही. वर्षं तशीच गेली, दोन्हीकडची माणसं दमली आणि मधली फळी हलली नाही.

गेल्या पावसानंतर हिराजीला घमेलं उचलवेना. फटी जानकीबायने भरल्या. तो खाटेवरून बघत होता आणि दाब, दाब म्हणत होता. मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याने मला विचारलं, "तुमचा कंपाउंड कसा हाय?" मी म्हटलं, पक्कं आहे. तो म्हणाला, "सगले येतात का नाय पन?" मी म्हटलं, येतात रे बाबा, कुणी ऐकतच नाही. तो हसला आणि त्याला खोकल्याची ढास लागली.

थंडीतल्या एका सकाळी तो गेला. रडण्याचा आवाज आला तशी मी आणि सुधीर बोळातून गेलो. नारायणही बोळातूनच आला, कित्येक वर्षांनी, आणि उंबऱ्याशी डोकं धरून बसला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी त्याला ऊठही म्हटलं नाही. गावातले लोक जमले, बांबू आले, तिरडी बांधली. मग प्रश्न आला. बोळातून चार खांदेकरी जाणार नाहीत. आणि गेले असते तरी जाणत्या माणसांनी माना हलवल्या. मागल्या अंगाने मढं काढत नाहीत, ते पुढच्या दारावरूनच गेलं पाहिजे. पुढे तर कंपाउंड.

नारायण उठला आणि बोळातून निघून गेला. लोकांना वाटलं, गेला. थोड्या वेळाने पलीकडून पहारीचा घाव ऐकू आला. फळीचा एक टवका उडून आमच्या पायाशी पडला.

जानकीबाय बायकांच्या घोळक्यातून उठली. कुणीतरी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. कंपाउंडपाशी जाऊन म्हणाली, "नारायन, पहार ठेव."

"वैनी, तोडतो. आता मोकला करतो," तो पलीकडून म्हणाला. आवाज फाटलेला होता.

"तोडायचा नाय. फटीत बोट घाल."

मग आमच्या बाजूला फटीतून माती भुरुभुरु पडायला लागली. एक बोट आरपार आलं, काळं झालेलं, आणि परत गेलं. नारायण कशावर तरी चढला असावा, कारण कंपाउंडच्या वर त्याचं डोकं दिसलं. मूठ उघडून त्याने आम्हाला दाखवली, जशी काही आम्हीच ती त्याला समजावून सांगणार होतो.

"ही माती हाय, वैनी."

"मातीच हाय. पयल्यापासून."

"मंग दर सालाला काय भरायचा दादा?"

"हीच," जानकीबाय म्हणाली.

त्याने ती मूठ तशीच मिटली. मी आयुष्यभर काउंटरमागे बसून माणसांचे चेहरे पाहिले, असा चेहरा पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हिराजीच्या कामावरचा एक माणूस फळी उचलायला पुढे झाला. जानकीबायने त्याला मागे सारलं, स्टूल ओढलं आणि आपल्या टोकाला चढून उभी राहिली. पलीकडच्या टोकाला नारायणचे हात वर आले. हुंकार द्यायला कुणी नव्हतं. दोघं क्षणभर थांबली आणि मग फळी खाचेतून वर आली, कुठेही न अडकता. त्या दोन खांबांमधल्या एकेक करून सगळ्या आल्या. प्रत्येक फळी त्यांनी खांबाला टेकवून ठेवली. शेवटची, जमिनीलगतची फळी निघाली तेव्हा मध्ये काहीच उरलं नाही आणि नारायण समोर उभा दिसला, मांडीपर्यंत धुळीने भरलेला. ती फळी खाली ठेवताना शेवटच्या वितीला त्याने हात काढून घेतला नाही. बोटं खाली सापडली तर सापडू देत, अशा बेताने त्याने ती धरून सोडली. आवाज झाला नाही.

मग तो पँटला हात पुसत दोन खांबांच्या मधून आत आला आणि त्याने पुढचा खांदा घेतला.